कोता म्हणजे कमी पडलेला

मास्तर कुणाला शिवी देत नसे. फारच चिडला तर म्हणे, "कोता आहे रे तो." एवढंच. आमच्या भांडुपच्या चाळीत जिन्याखाली त्याचं शिलाई मशीन होतं. लोक त्याला टेलरमास्तर म्हणत, मी नुसता मास्तर.

मी चौथीतून सुटलेला माणूस. एकदा विचारलं, "कोता म्हणजे काय रे? नालायक?"

"नाही रे. ब्लाऊजपीस कोता निघाला की त्यात बाही निघत नाही. कापड वाईट नसतं, कमी पडतं. मनाचंही तसंच. जोड द्यावी लागते."

मला पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

माझ्या पोराने त्याच्या पोरीशी लग्न ठरवलं, तेव्हा चाळीत कुजबुज झाली. त्यांच्याकडे बुद्धाची तसबीर, आमच्याकडे गणपती. मी म्हटलं, ठरलं तर ठरलं. पण गावाहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. "तेंच्या घराक माझो पाय लागाचो नाय. आणि त्या सुनेक गणपतीक हाडू नको."

सून नाही तर मीही नाही, म्हटलं आणि फोन ठेवला. गणपतीला गावी न जाणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला विचारा. दर वर्षी अर्धी चाळ गावाला जायची आणि मी गॅलरीत बसून राहायचो. मास्तर मशीन झाकून शेजारी येऊन बसे. व्याह्याला तो त्याच्या बोलीत इवाई म्हणे.

"इवाई, एक फोन कर."

"नाही करणार. कोता आहे तो. तुझाच शब्द ना?"

"कोता म्हटलं रे. फेकून दे कुठं म्हटलं?"

या उन्हाळ्यात मास्तर गेला. तिसऱ्या दिवशी दादा न कळवता आला. मास्तरच्या दाराबाहेर बाकड्यावर बसला, पायातली चप्पलही काढली नाही. आत ये म्हटलं तर म्हणाला, "गुडघो दुखता." रडून डोळे सुजलेल्या सुनेने चहा आणून त्याच्याजवळ ठेवला. तिला तो पहिल्यांदाच बघत होता. चहा निवत गेला.

मग माझ्याकडे न बघताच दादा म्हणाला, "तुझो व्याही माका दर चवथीक फोन करी. तू कधी नाय केलंस."

मास्तरने मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. भांडायचं त्राण आता नाही.

दादाने कप उचलला. एक घोट घेतला आणि खाली ठेवला. बाकीचा चहा तसाच राहिला.

एका घोटासाठी एवढा माणूस जावा लागला.