माझ्या सवतीची शोकसभा

त्या नटाला मी घरात 'सवत' म्हणत असे. शुक्रवारी, म्हणजे कतारमधल्या सुट्टीच्या दिवशी, पोह्यांची बशी हातात आली की हे त्याचा एखादा सिनेमा लावायचे. शंभरदा बघितलेला. पुढचं वाक्य पडद्याच्या आधी ह्यांच्या तोंडून यायचं, तेही हुबेहूब त्याच्या आवाजात, आणि मग मी हसले की नाही ते हळूच बघायचे. मी मुद्दाम हसत नसे. मुलगी आतून ओरडायची, "बाबा, नॉट अगेन!"

"अहो, त्याच्याशीच लग्न करायचं होतंत."

"विचारलं होतं. नाही म्हणाला, म्हणून तुझ्याकडे आलो."

आम्ही तेव्हा दोह्याजवळ अल रय्यानला राहत होतो. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता, निम्मं दोहा खणून ठेवलेलं होतं आणि हे एका स्टेडियमच्या छताच्या कामावर इंजिनियर होते. पहिली मॅच त्या छताखाली बसून बघायची आणि मगच कायमचं नाशिकला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मॅचेस झाल्या तेव्हा नाशिकच्या घरात मी आणि मुलगी दोघीच होतो. टीव्ही लावला नाही.

त्या नटाला कॅन्सर झाल्याची बातमी आली आणि त्याच उन्हाळ्यात, सुट्टीवर नाशिकला गेलो असताना, ह्यांच्या पोटदुखीलाही तेच नाव मिळालं. दोघंही चाळिशीतले. "बघ, आमचं किती जुळतं," हे दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाले. मला इतका संताप आला की मी दोन पायऱ्या पुढे निघून गेले.

कतारमध्ये नोकरी आहे तोवर माणूस आहे. नोकरी गेली की रेसिडेन्सी खलास. मुलगी बारावीला होती, तिची परीक्षा होईपर्यंत तरी तिथे टिकायला हवं होतं. म्हणून ऑफिसात, शेजारी, मराठी मंडळात, सगळीकडे 'अल्सर' सांगितलं. मुलीलाही तेच. हे नाशिकहून आणलेल्या गोळ्या खायचे, उलट्या करायचे आणि साइटवर जायचे.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमची काडी तो नट होता. तो उपचाराला परदेशी गेला होता. त्याचा हसरा फोटो आला की ह्यांना भूक लागायची. "तो उठला ना, की मीही उठतो बघ." सवतीच्या नावाने देवापुढे दिवा लावणारी मी पहिलीच बाई असेन. रोज लावला. काही उपयोग झाला नाही.

तो गेल्याचं मला बहिणीच्या फोनवरून कळलं. शुक्रवारच होता, हे अजून झोपले होते. मी त्यांचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला, राउटरची वायर काढली आणि उठल्यावर 'नेट गेलंय' म्हणून सांगितलं. पोहे केले. सिनेमा लागणार नव्हता, तर ह्यांनी त्याचा एक प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवला. त्या दिवशी मात्र मी हसले, आणि तिथेच चुकलं असावं. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

फोन लागत नाही म्हणून मंडळाचे सेक्रेटरी थेट घरी आले. त्यांचा काय दोष? आम्हीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"सर, ऐकलंत ना? फार वाईट झालं. पुढच्या शुक्रवारी शोकसभा घेतोय, अल दुहैलच्या शाळेतला हॉल मिळेल, इन्शाल्ला. तुम्ही बोलायचं. तुमच्याइतका भक्त कोण आहे दोह्यात?"

ह्यांनी त्यांना खुर्ची पुढे केली. मग मला म्हणाले, "अगं, चहा टाक." आणि त्यांना म्हणाले, "येतो. बोलतो मी."

सेक्रेटरी गेल्यावर मी तांदळातून फोन काढून दिला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि चालू न करताच खिशात ठेवला.

सभेला हॉल भरला होता. समई, हार घातलेला फोटो, दोन मिनिटं स्तब्धता, सगळं रीतसर झालं. मग हे उठले. दर गणपतीत मंडळात ह्यांची नक्कल ठरलेली असायची, त्यामुळे लोक आधीच सावरून बसले. शर्ट अंगावर लोंबत होता. हे माइकसमोर गेले, फोटोकडे बघितलं आणि त्याच्याच आवाजात बोलायला लागले.

"मंडळी, हा पुढे गेलाय जागा धरायला. आजार आमचा एकच, गाडीही एकच. माझं तिकीट आलेलं आहे. पुढच्या गणपतीत माझ्यावर कोण बोलणार, ते आत्ताच ठरवून टाका, चला, यल्ला!"

हॉल खो खो हसला. सेक्रेटरी डोळे पुसत हसत होते. हे मात्र हसत नव्हते. माइकची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते त्या सगळ्या गर्दीतून माझ्याकडे बघत होते, शुक्रवारी पोहे खाताना बघायचे तसेच.

माझ्या शेजारची बाई माझ्या हातावर थाप मारून म्हणाली, "काय हुबेहूब करतात हो तुमचे मिस्टर!" तिच्या पलीकडे माझी मुलगी बसली होती. तिची परीक्षा अजून व्हायची होती.

मी हसले.