बिनमांडवाची पेट्रिया

नागपूरजवळ बेसाला आमच्या घरासमोर सिमेंटचा रस्ता झाला आणि आमचं फाटक रस्त्याच्या दीड फूट खाली गेलं. नवीन फाटक उंच आणि सरकतं करायचं ठरलं, म्हणजे त्यावरची लोखंडी कमान काढणं आलं. त्या कमानीवर पेट्रियाची वेल होती, चार वर्षांची. कामाला आलेल्या वेल्डरनं वर बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर पूर्ण काढावं लागते. नवीन लावून घ्या ना, नर्सरीत भेटून जाते."

ज्यांनी पेट्रिया बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, हातावर घासलं तर ओरखडा उठेल असं. पण फाल्गुनात तिला निळ्या-जांभळ्या फुलांचे वीतभर लांब घोस लागतात आणि पंधरा दिवस पान दिसत नाही. नंदनवनच्या दोन खोल्यांतून आम्ही इकडे आलो तेव्हा घराचा रंगसुद्धा वाळला नव्हता, आणि मी ही वेल लावली होती. ती काढायची नाही एवढं माझं नक्की होतं. काय करायचं ते मात्र वेल्डरसमोर उभं असतानाच सुचलं. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात मी पेट्रियाचं झाड बघितलं होतं. मांडव नाही, भिंत नाही, मांडीएवढं खोड आणि वर फुलांचा डोलारा.

"हिचं झाड करते मी," मी म्हटलं.

नवरा हसला. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले मामाजी हसले नाहीत. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते मुलाकडे बघून म्हणाले, "तिले सांग, वेल हे वेल असते. तिचं झाड होत नाही."

ते माझ्याशी असेच बोलत. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि मामाजी माझ्याशी सरळ क्वचितच बोलले असतील. त्यात राग नव्हता, त्यांच्या गावची रीतच तशी होती. पारशिवनीजवळच्या गावात त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. सासूबाई गेल्यावर नवऱ्यानं त्यांना इकडे आणलं, आणि बगीचा धाकट्या दिरानं सांभाळायला घेतला. दोन वर्षं ते ओट्यावर बसून रस्ता बघत होते. जेवण झालं की ताट स्वतः उचलून मोरीत ठेवत आणि पुन्हा ओट्यावर जात.

जुनी वेल कमानीला इतके वेढे घालून बसली होती की ती सोडवणं शक्य नव्हतं. म्हणून एप्रिलच्या एका रविवारी मी करवत घेतली आणि तिला गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी कापली. मनगटाएवढ्या जाड फांद्या होत्या. दोन तास लागले, हाताला फोड आले. उरला तो जमिनीतून वर आलेला एक खुंट.

तेव्हा मामाजी ओट्यावरून उतरून आले. "काहून कापून राहिली ऐन उन्हात?" ते म्हणाले. आजूबाजूला तिसरं कुणी नव्हतं. "मरून जाते ते."

"मग काय करू, मामाजी?"

ते आत गेले आणि गव्हाची दोन रिकामी पोती घेऊन आले. पोती ओली करून त्यांनी खुंटाभोवती गुंडाळली. मे महिनाभर, मी शाळेत परीक्षेचे पेपर तपासत असताना, ती पोती सकाळ-संध्याकाळ कुणी ओली केली हे मी विचारलं नाही.

जूनअखेर खुंटाला अकरा फुटवे आले. मला सगळेच ठेवावेसे वाटत होते. मामाजींनी एकेकाला बोट लावून बघितलं आणि बुडाजवळून सरळ आलेला एक दाखवला. "हा ठेव. बाकी काढ." मी दहा फुटवे काढले. मोडलेल्या कमानीचा एक पाइप जमिनीत रोवला आणि त्याला तो फुटवा जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी बांधला.

मी गणित शिकवते, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दर रविवारी टेप घेऊन उंची मोजायची आणि वहीत लिहायची. फुटवा पाइपाला वेढा घालायला बघायचा, मी तो उलगडून पुन्हा सरळ करायची. वेलीला वळायचंच असतं. आठ दिवस लक्ष गेलं नाही की दोन वेढे पडलेले असत. साडेपाच फूट झाल्यावर मी शेंडा खुडला. मग खोड स्वच्छ दिसावं म्हणून खालची पानं काढायला लागले, तर मामाजी म्हणाले, "खालची पानं राहू दे वं. त्यायच्यावरच खोड जाड होते. दोन वर्षं हात नको लावू."

वहीत मी तेही लिहिलं.

पहिल्या फाल्गुनात फूल आलं नाही. दुसऱ्यातही नाही. समोरच्या घरातल्या बाई फिरायला जाताना थांबून म्हणायच्या, "काय वं, अजून काठीच आहे का तुझी?" मी हो म्हणायची. नवऱ्यानं एकदा हळूच सुचवलं की त्या जागी चाफा छान दिसेल. मी त्याला म्हटलं, चाफा लावायचा तर दुसरीकडे लाव, ही जागा गुंतलेली आहे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दुपारी चारला धुळीचं वादळ आलं. समोरचा पत्रा उडून रस्त्यावर पडला. वारा थांबल्यावर बाहेर आले तर वरची बांधणी तुटलेली, आणि खोड कमरेच्या उंचीवर चिरून बाजूला लोंबत होतं. सालीचा एक पट्टा तेवढा धरून होता. मी तिथेच बसले.

मामाजी माझ्या मागे उभे होते. "बसून नको राहू. सुकायच्या आधी बांधा लागते. सायकलची ट्यूब आहे का घरात?"

ट्यूब होती. त्यांनी चिरलेलं खोड दोन्ही हातांनी उचलून जागेवर बसवलं आणि तसंच धरून उभे राहिले. वय ऐंशी, पण त्यांनी खोड हलू दिलं नाही. मी ट्यूबच्या पट्ट्या कापून ओढून ओढून गुंडाळल्या. "अजून आवळ," ते म्हणत होते. "पाणी आत गेलं नाही पाहिजे." अर्धा तास लागला. मग त्यांनी वरच्या फांद्या निम्म्या छाटायला लावल्या, जखमेवर भार येऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी मला बगीच्यातल्या डोळे भरण्याबद्दल, म्हणजे सालीत चांगल्या झाडाचा डोळा बसवून कलम करण्याबद्दल सांगितलं, मुलाला मधे न घेता. एका हंगामात आपण किती कलमं बांधायचो, सासूबाई सुतळी कशा कापून द्यायच्या. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

खोड जुळलं. तिथे अजून गाठ आहे.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात सात घोस आले. मला वाटलं, झालं. मामाजी म्हणाले, अजून एक वर्ष थांब. मी थांबले नाही. दिवाळीनंतर मी सगळ्या बांधण्या सोडल्या आणि पाइप उपटला. पेट्रिया क्षणभर उभी राहिली, मग हळूहळू वाकत गेली आणि तिचा शेंडा जमिनीला टेकला. मामाजी ओट्यावरून बघत होते. ते उठले, पाइप उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "रोव."

मी रोवला. त्यांना म्हटलं, "तुमचं ऐकायला हवं होतं."

"तू घट्ट बांधून ठेवली होती. त्याले हलूच नाही दिलं. हललं नाही तर खोडाले ताकद येत नाही." मग त्यांनी सांगितलं की बांधणी एकदम सोडायची नसते. आधी वरची सोडायची, चार महिन्यांनी मधली, मग खालची. आणि उरलेली सैल ठेवायची, बोट सहज जाईल इतकी.

तसंच केलं. वरची बांधणी संक्रांतीनंतर सोडली. वारा आला की वरचा अर्धा भाग डोलायचा आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. मधली उन्हाळ्याच्या शेवटी सोडली. दर महिन्याला मी खोडाचा घेर मोजत होते, आणि डोलायला लागल्यापासून तो खरंच भराभर वाढला. पुढच्या दिवाळीत खालची गाठ मी सोडली आणि पाइप मामाजींनी हलवून हलवून काढला. आम्ही दोघं बाजूला झालो. झाड थोडं पूर्वेला कललं आणि तिथे थांबलं. आम्ही चहा होईपर्यंत बघत राहिलो. ते तिथेच होतं.

त्यानंतरच्या फाल्गुनात फुलं किती आली ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. समोरच्या बाईंनी फोटो काढून त्यांच्या बहिणीला पाठवला. मामाजींनी एका फांदीची साल काढून तिथे ओल्या शेवाळाची गुटी बांधली, मुळं सुटल्यावर ती कापली आणि दिराकडून गावी नेऊन विहिरीजवळ लावून घेतली. तिकडे मांडव घातला आहे. दीर म्हणतो, एवढी कटकट कोण करेल.

झाड झालं तरी तिच्यातली वेल गेलेली नाही. बुडातून फुटवे येतातच, आणि पावसाळ्यात वरून लांब शेंडे निघून केबलच्या वायरकडे जातात. दर रविवारी मी कात्री घेऊन बाहेर पडते. मामाजींना आता एका डोळ्यानं नीट दिसत नाही. ते खोडावर हात फिरवून फुटवा शोधतात आणि सांगतात, "इथं एक आहे, वं सूनबाई. इकडं काप."