वाणातली रजई

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत दोन गोष्टी एकदम वाढल्या: केबलच्या तारा आणि समाजसेवा. नवऱ्यांना बढत्या मिळत होत्या, खाली मारुती उभ्या राहत होत्या. एवढं सगळं मिळाल्यावर कुणाला तरी काहीतरी दिल्याशिवाय आमच्या मराठी मंडळाच्या बायकांना चैन पडेना. तेवढ्यात मागच्या वस्तीत काबूलहून पळून आलेली काही हिंदू कुटुंबं भाड्यानं राहायला आली. मंडळाला अगदी भरून आलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या निर्वासित बायकांना बोलवायचं आणि वाण म्हणून रजई द्यायची, असं ठरलं. दरवर्षीच्या प्लॅस्टिकच्या गाळण्यांपेक्षा हे बरंच, असं मलाही वाटलं. मी विधवा. पण मंडळ पुरोगामी, त्यामुळे ‘तुम्ही येऊ नका’ असं कुणी म्हटलं नाही. मला लांब कोपऱ्यात, रजयांच्या ढिगापाशी बसवलं.

काबूलच्या बायकांबरोबर त्यांच्या शेजारची एक बिहारी बाईही आली होती. तिच्याच हातपंपावर यांचं पाणी चालायचं. अध्यक्षीणबाईंनी तिला समजावलं, "ये सिर्फ रिफ्यूजी लोगों के लिए है." तिच्या झोपडीतही तीच थंडी होती, पण बॅनर ‘निर्वासितांसाठी’ म्हणून रंगवून झाला होता. ती बिचारी भिंतीला टेकून उभी राहिली.

मग एक तरुण बाई पुढे आली. कडेवर मुलगी, खोकून खोकून दमलेली. पत्र्याच्या खोलीत राहत होत्या दोघी, आणि पांघरूण म्हणून आईची शाल तेवढी. तिची नजर माझ्यामागच्या ढिगावरून हलत नव्हती.

अध्यक्षीणबाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि तिचं कोरं कपाळ बघून विचारलं, "आपके मिस्टर हैं ना?"

"पता नहीं जी. बोले थे, तुम निकलो, मैं पीछे आता हूँ. फिर कोई खबर नहीं आई."

बोट हवेतच राहिलं. आता आली का पंचाईत! नवरा नसेल तर कुंकू नाही, कुंकू नाही तर वाण नाही, आणि रजई तर वाणातच. सगळ्या जमल्या. "नुसती हळद लावू या का?" एकीनं सुचवलं. दुसरी म्हणाली, "अगं, तिलाच डिसाइड करू दे ना यार." मुलगी खोकतच होती. माझं डोकं तडकलं होतं.

शेवटी अध्यक्षीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "देखिये, आप बिल्कुल पक्का बताइये. हैं, या नहीं हैं?"

"आप लगा देंगी तो आ जाएँगे?"

तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी उठले. एक रजई त्या मुलीभोवती गुंडाळली, दुसरी बिहारी बाईच्या हातात कोंबली.

"अहो, तुम्ही नका ना देऊ!" अध्यक्षीणबाई मराठीत ओरडल्या. "शुभकार्य आहे!"

"क्या कह रही हैं?" त्या तरुण बाईनं घाबरून मला विचारलं.

"कह रही हैं," मी म्हटलं, "आ जाएँगे."