उन्हात वाळणारे केस

अमडापूरसारख्या गावात एका ताईचं पार्लर आहे, पण दर शहरातले, म्हणून मी दर वेळी कुरकुरतच जाते. ती माझे कुरळे केस भिजवते, मला अंगणात उन्हाला बसवते आणि ते वाळेपर्यंत नुसती बघत राहते. एकेक वळण आपल्या जागी परतलं की तेवढंच हलकेच कापते. माझा डोळा लागतो.

काल मी अशीच उन्हात बसले असताना एक आई लेकीला घेऊन आली. "ताई, उद्या पाव्हणे येऊन राह्यले. हिचे केस स्ट्रेट करून द्या, डबल पैसे घ्या."

"काकू, पाव्हण्यायले पोरगी दाखवता का मशीनची करामत?" असं म्हणत ताईनं लेकीची वेणी सोडली, तिचे कुरळे केस भिजवले आणि तिला माझ्याशेजारी उन्हात बसवलं.

मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आईनं तेल थापून माझे केस चापून बसवले होते. तेव्हा ही ताई भेटली असती, तर मागेल तो दर दिला असता.