वाढत्या अंगाचा घोडा

शिंप्याची मुलगी, हिला कपड्यांची काय कमी, असं लोकांना वाटायचं. वाटणारच! लोकांचं काय जातं वाटायला? खरी गोष्ट अशी की जन्माला आल्यापासून तिच्या अंगावर एकही कपडा नवा असताना नीट बसला नव्हता. बाबा तिचं सगळं वाढत्या अंगाचं शिवायचे. बाह्या बोटांच्या पुढे, घेर दोघींना पुरेल एवढा, आणि आत शिवणीला भरपूर दाब, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं दुमडलेलं कापड. फ्रॉक एकदाचा अंगाला बसायचा, तोवर त्याचा रंग उडून कोपरावर ठिगळ आलेलं असायचं. "वाढत्या वयात मापाचं शिवायचं म्हणजे कापड फुकट घालवायचं," असं बाबांचं ठाम मत. आणि पोरगी वाढायची तरी किती! तेराव्या वर्षीच आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली. शाळेत तिचं नाव पडलं शिडी, आणि मग घरातही तेच चिकटलं.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बाबा मशीनवर, आई सतरंजीवर बसून काज-बटण करणारी. गल्लीच्या टोकाला घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती आणि तिथल्या मुलांचे कोट आणि विजारी बाबाच शिवायचे. एकदा शिडी तयार कपडे पोचवायला गेली ती कठड्याला चिकटून उभीच राहिली. तिथले सर मोकळ्या मनाचे. "नुसती बघत काय बसलीस? घामेजलेले घोडे फिरवायला मला माणूस लागतोच. बस हिच्यावर," म्हणाले आणि त्यांनी तिला चिंगीवर चढवलं. झालं! पोरगी त्या दिवसापासून कामातून गेली.

चिंगी म्हणजे तांबूस रंगाची बुटकी घोडी. पोटाने गोल आणि स्वभावाने तिखट. मनात आलं तर उडी मारायची, नाहीतर अडथळ्यासमोर चारी पाय रोवून उभी राहायची, मग वर बसलेल्याने काय वाटेल ते करावं. शिडी वर असली की मात्र बाईसाहेब कान टवकारून निघायच्या. चिंगीला एकच व्यसन होतं, बटणांचं. शिडी खाली उतरली की तिच्या सदऱ्याचं वरचं बटण ओठांत धरून ओढत बसायची. आई ते बटण पुन्हा पुन्हा लावून वैतागली होती. "घोडी आहे का उंदीर गं ती?" असं विचारायची आणि दोरा ओवायला घ्यायची.

एक दिवस सर म्हणाले, "तू हिला घेऊन स्पर्धेत उतरायला हवंस. पण स्पर्धेला स्वतःचं जनावर लागतं. शाळेचे मालक या हंगामात काही जनावरं विकतायत, त्यात चिंगी आहे. घरी विचारून बघ. लहान गटातलं हे तुझं शेवटचं वर्ष, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! लहान गटात मुलांच्या वयाला मर्यादा होती आणि जनावराच्या उंचीलाही. हे शिडीला इतकं पाठ होतं, की ते कुणाला सांगावं लागतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आता विचारायचं कसं? कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात जो आरसा होता, त्याच्यासमोर तिने तालमी केल्या. रडवेल्या आवाजात करून पाहिलं, ऐटीत करून पाहिलं. शेवटी तिने वेळ हेरली ती आईच्या ओठांत टाचण्या असतानाची. ज्या बाईला तोंड उघडता येत नाही, ती नाही कशी म्हणणार?

"मला चिंगी हवीय," शिडी म्हणाली.

बाबांचं मशीन थांबलं. "घोडी? ठेवायची कुठे, कपाटात?"

"शाळेच्या तबेल्यात राहील, सर म्हणालेत. तिचं सगळं मी करीन, बाबा. शेण काढीन, खरारा करीन. मला स्पर्धेत उतरायचंय. मला दुसरं काही नको. कधीच नको." शेवटच्या दोन शब्दांना आवाज चिरकला. आरशासमोर एकदाही चिरकला नव्हता मेला!

आईने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मग शिडी तिथे नसल्यासारखं करून ती बाबांना म्हणाली, "आजवर कधी काही मागितलं नाही हो हिने."

"बघू," बाबा म्हणाले.

त्या घरात 'बघू' म्हणजे नाही नव्हे, पण हो तर मुळीच नव्हे. शिडीचा जीव टांगणीला लागला. इतकी ओढ पोरीच्या पोटात कुठून आली असेल देव जाणे. जेवताना तिला चिंगीच्या मानेचा वास यायचा. वर्गात फळ्याकडे बघता बघता तिच्या पायांना रिकिबी सापडायच्या आणि टाचा आपोआप खाली दाबल्या जायच्या. मैदानात कर्ण्यावरून आपलं नाव पुकारलं जातंय, पाठोपाठ चिंगीचं, आणि आपण दोघी फाटकातून आत शिरतोय, एवढंच ती रोज मनात घोळवायची. जिंकायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. तिला त्या फाटकातून चिंगीवर बसून आत जायचं होतं, बस्स.

आणि एका संध्याकाळी बाबा खरंच कठड्याशी येऊन उभे राहिले. गळ्यातली टेप काढायला विसरले होते. शिडीने त्यांना पाहिलं आणि जीव ओतून घोडी चालवली. चिंगीनेही लाज राखली, एकही अडथळा नाकारला नाही. पण बाबा उडीकडे बघतच नव्हते. ते पोरीच्या पायांकडे बघत होते. तिचे पाय चिंगीच्या पोटाखाली लोंबत होते. घरी जाऊन ते आईला काय म्हणाले, हे शिडीला फार पुढे कळलं. ते म्हणाले होते, "घोडी झकास आहे गं. पण तोकडी आहे. वर्षभरात आखूड पडेल."

त्या आठवड्यात सर बाहेरगावी गेले होते. बाबांनी थेट मालकांना गाठलं आणि पुढचे सगळे कोट फुकट शिवून द्यायच्या बोलीवर सौदा करून टाकला. मग ते आईला घेऊन तबेल्यात आले आणि शिडीला म्हणाले, "डोळे मीट. मीट म्हणतो ना!"

तिने डोळे मिटले. टापांचा आवाज जवळ आला आणि थांबला. शिडीने हात पुढे केला, चिंगीचं नाक जिथे असतं बरोबर तिथे. हाताला नाक लागलं नाही. हाताला लागली एक भली मोठी छाती.

तिने डोळे उघडून वर पाहिलं. मेजर. शाळेतला सगळ्यांत उंच घोडा, करडा, शांत, भला थोरला मेजर. पलीकडच्या खणात, चिंगीच्या जागी, गवत आणि रिकामी बादली होती.

"वाढत्या अंगाचा घेतलाय!" बाबांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "तुझी उंची संपली तरी हा पुरून उरेल. आता पुन्हा म्हणून घोडा घ्यायला नको."

आई पदराने डोळे पुसत होती. शिडीने मेजरच्या मानेला मिठी मारायला हात वर केले, ते पुरले नाहीत, म्हणून तिने बाबांनाच मिठी मारली. चिंगीचं नाव तिने गिळून टाकलं. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण असं खुललेलं तोंड समोर असताना रागवायचं कुणावर?

बोलले ते सर, परत आल्यावर. त्यांनी एक उंच मोजकाठी आणली, मेजरची आयाळ जिथे संपते तिथे तिची आडवी पट्टी टेकवली, आणि सावकाश मान हलवली. "लहान गटाच्या मर्यादेच्या वर आहे हो हा. मोठ्या गटात चालेल, पण त्या गटात घ्यायला हिचं वय अजून वर्षभर भरत नाही. मास्तर, आधी मला विचारायचं तरी!"

बाबांनी ती काठी सरांच्या हातातून घेतली. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस. त्यांनी स्वतः माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा घेतलं. मेजर बिचारा गवत चघळत उभा होता.

"चिंगी कुठे आहे?" बाबांनी हळूच विचारलं.

"ज्या दिवशी तुम्ही हा घेतलात त्याच दिवशी गेली. दुसऱ्या गावच्या एका लहान मुलीला."

"अहो, घोडा होता तो!" आई एकदम ओरडली. "फ्रॉक होता का वाढत्या अंगाचा घ्यायला?" आणि ओरडून झाल्यावर तीच रडायला लागली. शिडी मेजरच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि त्याच्या कुशीला तोंड लावून पोटभर रडली. मेजर हलला नाही. तो खरंच गुणी घोडा होता, आणि शिडीला त्याचं आणखीनच वाईट वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी ती जाणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. पण ती सकाळी तयार होऊन उभी. बाबांनी गुपचूप तिच्यासाठी स्पर्धेचा कोट शिवून ठेवला होता, गडद निळा, चकचकीत बटणांचा. तोच तिने घातला, बाह्या दोनदा दुमडून. बाबा सोबत निघाले.

मैदानात कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं. कुणा अनोळखी मुलीचं, आणि पाठोपाठ चिंगीचं. फाटक उघडलं. चिमुकली स्वार, पाय जेमतेम खोगिराखाली पोचलेले, आणि खाली ती तांबूस, गोल, हट्टी घोडी. कठड्याला रेलून उभी असलेली शिडी एकदम मागे सरकली आणि बाबांच्या पाठीआड लपली.

"अगं, दिसत नाही का तुला? पुढे ये," बाबा म्हणाले.

"नको. तिने मला पाहिलं तर ती थांबेल."

बाबा वळले नाहीत. त्यांनी पाय थोडे फाकवले, कोपरं बाहेर काढली आणि होता येईल तेवढे रुंद होऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीला कपाळ टेकवून शिडीने सगळं नुसतं ऐकलं. टापा, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा टापा. दर वेळी ती श्वास रोखायची. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिला कळलं, की चिंगी सगळे अडथळे पार करून गेली. तिला आनंद झाला, आणि असला आनंद वैऱ्यालाही होऊ नये.

घरी आल्यावर बाबांनी तिच्या अंगातून कोट काढून घेतला. "हात बाजूला कर," म्हणाले, आणि गळ्यातली टेप काढली. खांदा, बाही, छाती, कंबर. बोटं आत घालून टेप ढिली धरायची त्यांची सवय होती, आज त्यांनी बोटं घातली नाहीत. मग ते कोट उसवायला बसले. शिवणीतला दाब त्यांनी पुरता बाहेर काढला आणि कात्री उचलली.

"बाबा, कापू नका," शिडी घाईने म्हणाली. "राहू दे तसाच. वाढेन मी."

"वाढशील गं. माहितेय मला," बाबा म्हणाले आणि कापत गेले.

आईने बटणं नव्याने लावली. वरचं लावताना ती जरा थांबली, मग तेही इतरांसारखंच लावलं. शिडी कोपऱ्यातल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. बाही मनगटाच्या हाडाशी नेमकी थांबत होती, खांदा खांद्यावर होता. ती कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली. बाबांनी विचारलं, "बसला का?"

"बरोबर बसला, बाबा."

मग ती तो कोट घालून गल्लीच्या टोकाला मेजरला खरारा करायला गेली. मेजर मोठ्या गटात उतरेल तेव्हा तो कोट तिच्या अंगात शिरणारही नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.