प्रश्नांच्या कुपनांची कादंबरी

दिवसा मी एका संगणक कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांची यादी करायची, याचा मला पगार मिळे. कंपनीला शनिवार-रविवार सुट्टी. पुण्यात तेव्हा हे इतकं नवं होतं की शनिवारी सकाळी मी गॅलरीत दिसले की शेजारच्या काकू विचारायच्या, "बरं नाही का?"

त्या शनिवारांचं काहीतरी करावं म्हणून मी शनिवार पेठेतल्या एका लहानशा प्रकाशकांकडे जाऊ लागले. त्यांच्याकडे येणारी बाडं वाचायची आणि अभिप्राय लिहायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी रीत सांगितली, "एका कागदावर गुण, एका कागदावर दोष. गुण सांगून कुणी लेखक सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण शिष्टाचार म्हणून लिहायचे."

एका शनिवारी त्यांनी टाइप केलेलं एक बाड माझ्यापुढे सरकवलं. "कुमारांसाठी आहे. पुढे काय काय वाईट होणार आहे त्याची कादंबरी. इंग्रजीत याचा मोठा खप आहे म्हणे. आपल्याकडे आत्ताचं वाईट पुरेसं असतं, पण तुम्ही बघा."

मी बसमध्येच वाचायला सुरुवात केली आणि माझा स्टॉप मागे गेला.

कादंबरीतल्या शहरात प्रत्येकाला जन्मतःच प्रश्नांची कुपनं मिळत, रेशनसारखी. घराघरांत, रस्त्यांवर यंत्रं बसवलेली. तोंडून प्रश्न निघाला की एक कुपन कटलं. कुपनं संपली की उरलेला जन्म काहीही न विचारता काढायचा. विचारलंच, तर शहराबाहेर रवानगी. नायिका पंधरा वर्षांची. तिची आई तिला प्रश्न न विचारता बोलायला शिकवते: "आज भाजी कुठली आहे हे कळलं तर बरं होईल," असं म्हणायचं. एका प्रकरणात शाळेची सहल कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या एका ठिकाणी जाते. नायिकेची धाकटी बहीण अजगरासमोर उभी राहते आणि एका दमात अकरा प्रश्न विचारते. हा झोपलाय का? जेवला का? याचे हात कुठे गेले? आई धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवते. ते पान मी तीनदा वाचलं.

गुणांचा कागद भरायला मला वेळ लागला नाही. कल्पना नवी, आई खरी, बहीण तर हाताला धरून घरी आणावी अशी.

पण अर्ध्यानंतर कादंबरी बिघडली होती. शहराच्या कुंपणापलीकडून एक देखणा मुलगा आला. नायिका त्याच्या प्रेमात पडली आणि आईला विसरली. शहराचा अध्यक्ष अर्धं पान नुसता हसत होता. लोकांचे प्रश्न बंद करून त्याला काय मिळत होतं, ते कुठेच नव्हतं. शेवटी चार पानांत क्रांती झाली आणि कुंपण पडलं.

शिवाय माझ्यातली टेस्टर जागी झाली. यंत्राला प्रश्न ओळखू कसा येतो? 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' यांत फरक फक्त आवाजाच्या चढाचा. 'कोण म्हणतं असं!' हा प्रश्न की भांडण? आमच्या गावात तर निम्मे प्रश्न उत्तर नकोच म्हणून विचारले जातात, त्यांची कुपनं कापायची का? दोषांचे कागद तीन झाले.

पुढच्या महिन्यात प्रकाशकांनी लेखिकेला बोलावलं. मी कॉलेजातली एखादी चुरचुरीत मुलगी येईल असं धरून चालले होते. आली ती एकोणीस-वीस वर्षांची, अंग चोरून बसणारी, प्रत्येक शब्द जपून उच्चारणारी. माझे तीन कागद तिने घडी घालून आणले होते.

"काही विचारायचंय?" मी म्हटलं.

"नाही, मॅडम."

मी दोष समजावून सांगू लागले. ती मान डोलवत होती. शेवटी तिने बाडातलं एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "इथे तुम्ही लाल गोल केला आहे."

नायिकेला पकडून नेतात तेव्हा ती शिपायावर ओरडते, "काऊन?" त्या शब्दाभोवती गोल करून मी लिहिलं होतं, 'का' असे हवे.

"बोलीतला शब्द आहे ना," मी म्हटलं. "बाकी सगळीकडे ती प्रमाण भाषा बोलते."

"चुकून राहिला. मी सगळे काढले होते."

"सगळे म्हणजे?"

मग ती थोडं थोडं बोलू लागली. ती यवतमाळकडची. भाऊ इथे कारखान्यात लागला म्हणून तीही आली. बिबवेवाडीत एका खोलीत दोघं राहत आणि ती संगणकाचा डिप्लोमा करत होती. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात विचारलं होतं, "सर, हे असं काऊन होते?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. मागच्या बाकावरची मुलं पुढे कित्येक महिने तिला त्याच शब्दाने हाक मारत होती.

"मग?"

"मग विचारणं सोडलं. घरी येऊन दादाला विचारायची. त्याला तरी कुठून येणार? मग वहीत लिहायला लागले."

माझे कान तापले. त्या वर्गाने तोंडाने केलं तेच मी लाल पेनाने केलं होतं. प्रकाशक खिडकीबाहेर पाहत होते. माफी कशी मागावी ते मला सुचेना. तेवढ्यात तोंडून भलतंच निघून गेलं, "पण यंत्राला हा शब्द कळेल का?"

तिने प्रथमच मान वर केली. "यंत्र इथल्याच लोकांनी बनवलं असेल," ती सावकाश म्हणाली. "त्यांनी त्यात का घातलं असेल, कशाला घातलं असेल. हा शब्द कुणी घालणार नाही." तिने त्या लाल गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे कुपन कटणार नाही?"

"नाही कटणार."

"मग नायिकेच्या आईला हे ठाऊक असेल! आई तिकडचीच असली तर?"

पुढचा तासभर ती विचारत होती आणि मी विचारत होते. आवाज चढवून विचारलं तर यंत्र ओळखेल ना? ओळखेल, म्हणून आवाज सपाट ठेवायला शिकायचं. आई हा शब्द आधी मुलीला का देत नाही? तिला त्याची लाज वाटते म्हणून. प्रकाशकांनी दोनदा चहा सांगितला. दुसऱ्या वेळी म्हणाले, "कागद तीन, प्रश्न तीनशे. कादंबरी यांची की तुमची?" ती हसली.

आठ महिन्यांनी नवं बाड आलं. क्रांती गेली होती. त्या जागी एका बाईकडून दुसरीकडे, कपडे वाळत घालताना, पाण्याच्या रांगेत, हळूहळू पसरत जाणारा एक शब्द होता. मी आनंदाने वाचलं आणि तरीही दोषांचा एक कागद लिहिलाच. अध्यक्ष अजूनही हसत होता.

"तो असा का हसतो?" मी विचारलं.

"आमचे सर असेच हसायचे, ताई."

देखणा मुलगाही राहिलाच. त्याच्याविषयी तिने काही ऐकून घेतलं नाही. प्रकाशक म्हणाले, "खपणार नाही, पण छापतो," आणि दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. दोन-चार शाळांच्या ग्रंथालयांनी प्रती घेतल्या. तिला एका कंपनीत नोकरी लागली. भाऊ-बहिणीने दोन खोल्यांची जागा घेतली.

वर्षभराने प्रकाशकांच्या पत्त्यावर एका शिक्षिकेचं पत्र आलं. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवत. त्यांनी गोष्ट वर्गात हातवाऱ्यांनी सांगितली होती. ती संपल्यावर एका मुलीने हातांनीच विचारलं, 'मग आमचे प्रश्न कुणी मोजलेच नसतील ना? त्या शहरात आम्हीच सगळ्यांत जास्त विचारत असू?' मी ते पत्र फोनवरून तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, त्या शाळेत आपल्याला जाता येईल का हो?"

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो.