अकरा पस्तीस ते बारा चार

आधीच सांगते, मी असलं काही मानणारी बाई नाही. आमच्या घरात अंगारा, ताईत, दृष्ट काढणं यातलं काहीच कधी आलं नाही. बाबा पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी भुताची गोष्ट सांगितली की ते शांतपणे विचारायचे, "किती वाजता? उजेड किती होता? आणखी कुणी पाहिलं?" त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचे आणि कप विसळताना विसरायचे. आज स्वतः लिहितेय, कारण लिहायला बाबांनीच सांगितलं. वेळा सगळ्या वहीत आहेत, आठवणीतून काढलेली एकही नाही.

जागा मुलुंड पूर्वेला, तिसरा मजला, हॉल आणि एक खोली. राहणारे दोघं — मी, वय एकावन्न, आणि बाबा. बाबांना चार वर्षांपासून स्नायूंचा आजार आहे. आधी हात गेले, मग पाय, मान, आणि मग आवाज. डोकं मात्र लख्ख. शेवटी हलवता येण्यासारखा उरला तो उजव्या हाताचा अंगठा.

माझा धाकटा भाऊ नितीन कॉम्प्युटरमधला. आवाज जायच्या आधी त्याने पाच महिने रोज बाबांकडून थोडं थोडं वाचून घेतलं आणि रेकॉर्ड केलं. मग एक मशीन तयार केलं. स्क्रीनवर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते आलं की बाबा अंगठ्याने बटण दाबतात, आणि वाक्य पूर्ण झालं की मशीन ते बाबांच्याच आवाजात बोलतं. सकाळी सुरू केलं की पहिला शब्द यायचा "बसा". वर्गात शिरल्यावर म्हणायचे तसा.

त्या मशीनवर नितीनने जी लिनक्स सिस्टिम घातली होती ती नेहमीची नव्हती. "तयार मसाल्याचं पाकीट नाही हे, ताई," तो म्हणायचा. "मिरची आणायची, भाजायची, घरी कुटायची." म्हणजे प्रत्येक प्रोग्रामचा कच्चा माल, म्हणजे मूळ सोर्स, उतरवून घ्यायचा आणि आपल्याच मशीनवर त्याचा प्रोग्राम तयार करायचा... कंपाइल करायचा. तास तास लागतात.

"कशाला पण हा उपद्व्याप?"

"बाबांचं बटण, बाबांचा आवाज, सगळ्यासाठी आतून कापाकापी केलीय यार. तयार पाकिटात बसत नाही ते."

त्याची आणखी एक सवय होती. मशीन रीस्टार्ट करण्याआधी तो सिंक नावाची कमांड द्यायचा. आतलं सगळं नीट डिस्कवर उतरव, एवढाच तिचा अर्थ. पण द्यायचा तीन वेळा. मी दर वेळी म्हणायचे, "एकदा पुरतं रे." तो म्हणायचा, "एक बाबांना, एक तुला, एक मशीनला." आमचं हे भांडण दर रीस्टार्टला ठरलेलं.

गेल्या वर्षी नितीन ऑफिसात खुर्चीतच गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

मशीन सांभाळायचं कसं याची त्याने आठ पानं लिहून ठेवली होती. डॉक्टरसारखं अक्षर, बाण, समासात पेन्सिलीचे शेरे. मला असलं बघवत नाही. मी दोन रविवार बसून ती फेअर केली. सत्तेचाळीस पायऱ्या, प्रत्येकीला नंबर, पुढे खूण करायला चौकोन. सिंक एकदाच लिहिलं. समासातलं जे कुठल्या पायरीला जोडता येईना ते सोडून दिलं. आणि रफ पानं रद्दीत घातली. फेअर झालं की रफ फाडायचं, ही माझी शाळेपासूनची शिस्त.

महिन्यातून एकदा अपडेट, असं यादीत होतं. फेअर यादीवरून पहिलंच अपडेट करायला त्या रविवारी मी कीबोर्ड पुढे ओढला तेव्हा बाबांनी अंगठ्याने लिहिलं, "आज नको. उद्या कर."

"यादीत आज आहे बाबा," मी म्हटलं.

नवीन कर्नल तयार झाला. कर्नल म्हणजे या सगळ्याचा गाभा, मशीन सुरू होताना पहिला तो जागा होतो. 'जागा मोकळी करण्यासाठी जुना काढा' ही एकेचाळिसावी पायरी. काढला. खूण केली. रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली आणि थांबली — मूळ डिस्क सापडत नाही. आणि जुना कर्नल तर मीच पुसला होता.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते वहीत आहे. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, फेअर यादीप्रमाणे पहिल्यापासून सगळं उभं करायचं, कर्नल कंपाइल करायचा — सव्वा तास — आणि रीस्टार्ट. तीच अक्षरं, त्याच ओळीवर. सात वेळा केलं. प्रत्येक वेळी सत्तेचाळीस खुणा. चूक कुठे शोधणार, सगळे चौकोन भरलेले होते.

दोन दुकानदारांना घरी बोलावलं. दोघंही म्हणाले फॉर्मॅट करू, दुसरी सिस्टिम टाकू. आणि आवाज? त्याची गॅरंटी नाही, मॅडम.

नितीनचा मित्र पंकज अंधेरीला असतो. तो रोज फोनवर असायचा.

"ताई, डिस्कचा ड्रायव्हर, तिला ओळखणारा तुकडा, कर्नलमध्ये घातलायस ना? साधीच डिस्क आहे ना ती?"

"साधीच. माझ्या नोंदवहीत आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूची नोंद आहे माझ्याकडे, वॉरंटीसकट."

"मग वाट लागली. मग मला पण नाही कळत. शनिवारी येतो, उघडून बघू."

शनिवारपर्यंत थांबायला माझ्याकडे दिवस नव्हते. डॉक्टरांनी मागच्याच भेटीत मला बाहेर नेऊन सांगितलं होतं — अंगठाही महिन्या-दोन महिन्यांत जाईल. जे बोलून घ्यायचं ते आत्ता. आणि त्या मोजक्या दिवसांतले नऊ मी एका चौकोनातल्या खुणेसाठी घालवले होते. पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून बघितली. मी अक्षरावर बोट ठेवायचं, बाबांनी पापणी मिटायची. एका वाक्याला पाऊण तास. तिसऱ्या दिवशी बाबांनी पुठ्ठ्याकडे बघणंच सोडलं. नजर छताला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे, म्हणजे त्यांना ऐकू जाणार नाही.

दहावा दिवस, मंगळवार. बाबांना सांभाळणाऱ्या शुभांगीताईंची रजा होती. आठव्यांदा सगळं उभं करून मी कर्नलपाशी आले आणि थांबले. पुन्हा तेच करून पुन्हा तेच येणार होतं. त्यात बाबांची सकाळची गोळी संपलेली. वहीत लिहिलं — "११.३५. थांबवले. औषध." स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत होता. दाराला कुलूप लावलं. समोरच्या मालवणकर काकू पॅसेजमध्ये पाट टाकून भाजी निवडत होत्या. त्यांना लक्ष ठेवा म्हटलं आणि गेले.

मेडिकलमध्ये गर्दी होती, पावती झाल्यावरही गोळ्यांसाठी थांबावं लागलं. मला झालं असेल पंचवीस मिनिटं. आले, कुलूप काढलं, बारा वाजून चार मिनिटं. स्क्रीनवर ओळी धावत होत्या. कर्नल कंपाइल होत होता.

तेव्हा मला काही वाटलं नाही, हे कबूल करते. वाटलं, जाताना मीच चालू करून गेले असेन. दहा दिवस धड जेवले नव्हते. बाबांना औषध दिलं, सूड घ्यावा तशी भांडी घासली, भात टाकला. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही.

एक वाजून दहा मिनिटं. मी बाबांना नळीतून पेज देत होते. मागून आवाज आला.

"बसा."

माझ्या हातातली वाटी खाली गेली. स्क्रीनवर अक्षरं उजळत होती, एकेक, नेहमीसारखी. रीस्टार्टसुद्धा आपोआप झाला होता. मी बटण बाबांच्या अंगठ्याखाली ठेवलं. त्यांनी लिहिलं, "पेज सांडली." आणि मशीन ते त्यांच्या आवाजात बोललं. मी तिथेच फरशीवर बसले.

संध्याकाळी डोकं चालायला लागलं. प्रत्येक कमांड वेळेसकट एका फाइलमध्ये नोंदवली जाईल अशी सोय नितीनने केली होती. त्याची मला आवडलेली एकमेव गोष्ट. ती फाइल उघडली आणि पंकजला फोनवर वाचून दाखवली. अकरा एकोणचाळीसला कर्नलच्या सेटिंगचा मेन्यू उघडलेला. अकरा चव्वेचाळीसला एकच लांब ओळ — कंपाइल कर, जागेवर बसव, सिंक, सिंक, सिंक, रीस्टार्ट.

पंकज म्हणाला, "सेटिंगमध्ये काय बदललंय बघ." मी त्याने सांगितलं तसं बघितलं. एक ड्रायव्हर नवीन होता. मी सात वेळा न घातलेला.

"ताई, हा तर नव्या टाइपच्या डिस्कचा आहे. त्या येड्याने डिस्क बदलली होती? मला पण बोलला नाही. हे तू केलंस ना?"

"नाही. तू?"

"मी मीटिंगमध्ये होतो. आणि तुझं नेट चालू होतं का?"

नव्हतं. राउटरच्या प्लगमध्ये बाबांचं कफ ओढायचं मशीन लावलेलं होतं, सकाळपासून.

शनिवारी पंकजने येऊन मशीनचा डबा उघडला. च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क आत बसवलेली, जुनी काढलेली. माझ्या नोंदवहीत अजून जुनीच होती. डिस्कचं नाव मी रोज टाइप करत होते, पण त्या नावातच तिची जात लिहिलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. नितीनने ते नक्की कुठेतरी लिहिलं असणार. बहुतेक समासात, पेन्सिलीने.

मालवणकर काकूंना विचारलं, कुणी आलं होतं का. "कोण येतलो? मी हंयच बसलंय. माझी मेथीची जुडी संपाक नाय तवसर तू इलंस." दुसरी किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. औषधाच्या पावतीवर वेळ छापलेली आहे, अकरा सेहेचाळीस. ती वहीत चिकटवली.

मग राहिले बाबा. त्यांची कॉट मशीनसमोरच आहे. विचारायला मला पाच दिवस लागले. शेवटी रविवारी सकाळी विचारलं, "बाबा, मी औषधाला गेले होते तेव्हा मशीनवर कोण होतं?"

अक्षरं उजळत राहिली. अंगठा आता हळू झाला होता.

"तू."

"मी मेडिकलमध्ये होते, बाबा."

"माहीत आहे. कुलूप ऐकलं." थोड्या वेळाने, "तरी तू होतीस. पाठमोरी. टाइप करत होतीस."

"एकटी?"

"कुणीतरी सांगत होतं. तू भांडत होतीस."

"कोण सांगत होतं?"

"दिसलं नाही. माझी मान वळत नाही."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. काय म्हणत होते मी?

याला फार वेळ लागला. सातच अक्षरं. मी स्क्रीनकडे न बघता खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले. मग मागून बाबांचा आवाज आला, सपाट, शांत, वर्गात उत्तर वाचून दाखवल्यासारखा —

"एकदा पुरतं रे."

हे भांडण बाबांनीही शंभरदा ऐकलं होतं, हे मला कळतं. पडून राहिलेल्या माणसाचा भास असू शकतो. मीही थकलेली होते. पण भासाने ड्रायव्हर बसत नाही, आणि नव्या डिस्कचं तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी हे सगळं बाबांना म्हटलं. म्हटलं, तुम्हीच सांगा, विज्ञान तुम्ही शिकवलंत.

त्यांनी लिहिलं, "निरीक्षण लिहून ठेव. निष्कर्ष लिहू नकोस."

त्यानंतर अंगठा पाच आठवडे चालला. त्या पाच आठवड्यांत बाबा खूप बोलले. शेजाऱ्यांशी, पंकजशी, माझ्याशी. ते सगळं माझ्याकडे आहे, आणि ते इथे लिहिण्यासाठी नाही. आता ते फक्त पापणीने हो-नाही सांगतात. हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. हो म्हणाले.

माझ्या वहीत रिकामी जागा मी कधी सोडत नाही. पण त्या पानावर ११.३५ आणि १२.०४ यांच्यामध्ये एक ओळ मोकळी आहे, ती तशीच ठेवलीय. आणि यादी पुन्हा फेअर केली, तेव्हा सिंक तीन वेळा लिहिलं. तीन वेगळे नंबर, तीन चौकोन.